अंगठ्यापासून सहीपर्यंत, आणि तिथून खुर्चीपर्यंत



या अंकाचं संपादकीय पुस्तकांच्या दुकानात होणाऱ्या लेखक-वाचक भेटींवर लिहावं असं ठरलं, तेव्हा आमच्यातल्याच काहीजणींनी भुवया उंचावल्या. कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी रोज येताहेत, घरकामगार बायकांना हक्काची सुट्टी अजून मिळत नाही, रेशनच्या रांगा संपत नाहीत, आणि आपण लिहायचं कशावर, तर पुस्तकावर सही घेण्यावर? प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

अशा कार्यक्रमांत घडतं काय ते आधी पाहू. दुकानातली टेबलं बाजूला सारून तीस-चाळीस खुर्च्या मांडतात. लेखक किंवा लेखिका नव्या पुस्तकातली काही पानं वाचते. कुणीतरी तिच्याशी गप्पा मारतं, मग श्रोते प्रश्न विचारतात. शेवटी लोक पुस्तक विकत घेऊन रांगेत उभे राहतात आणि ती त्यावर नाव घालून सही करून देते. तास-दीड तासाचा मामला. पाहायला गेलं तर अगदी साधा. पण या साध्या मामल्यात तीन गोष्टी आहेत : एका बाईने आपलं लिहिलेलं चारचौघांत मोठ्याने वाचणं, दुसऱ्या बाईने ते ऐकून प्रश्न विचारणं, आणि दोघींची नावं एका पानावर येणं. या तिन्ही गोष्टी बायकांना सुखासुखी मिळालेल्या नाहीत.

सहीचा इतिहास

मराठीत बाईच्या नावाचा इतिहास जुना आहे. संत कवयित्रींनी अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा ठेवली, म्हणून त्यांची रचना त्यांची म्हणून आपल्यापर्यंत पोचली. पण त्या मुद्रेतसुद्धा जनी ही नामदेवाची होती आणि सोयराबाई चोखोबाची. पुरुषाचं नाव बाजूला ठेवून निव्वळ स्वतःचं नाव लिहिणं ही फार पुढची गोष्ट.

१८८२ साली ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ स्वतःच्या नावानिशी छापलं गेलं. त्या काळात हे धाडसच होतं. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण पुस्तक विस्मरणात गेलं ते थेट १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत. म्हणजे आपल्या एका मोठ्या पूर्वजेची सही जवळजवळ शंभर वर्षं धूळ खात पडली होती.

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. प्रौढ कुमारिकांच्या मनातलं दुःख आणि इच्छा त्यात उघडपणे मांडलेल्या होत्या. समाजात एवढी खळबळ माजली की ही विभावरी शिरूरकर कोण, याचाच शोध सुरू झाला. त्या म्हणजे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. लोक पुस्तक वाचत होते, त्यावर भांडत होते, आणि लेखिका मात्र आपलं नाव झाकून बसली होती. तेव्हा एखाद्या दुकानात खुर्ची मांडून त्यांना सही करायला बोलावलं असतं तर त्या आल्या असत्या का? येऊ शकल्या असत्या का?

बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात सुचलेली त्यांची गाणी घरातल्या मुलांनी उतरवून घेतली. त्या गेल्या डिसेंबर १९५१ मध्ये आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक आलं १९५२ मध्ये. आज मराठी शाळेतल्या मुलांना त्यांचं नाव शिकवलं जातं. त्यांच्या स्वतःच्या पुस्तकावर त्यांचा अंगठासुद्धा उमटू शकला नाही.

आणि फलटणच्या बेबीताई कांबळे. त्यांचं छोटंसं किराणा दुकान होतं. माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या. नवरा बाहेर गेला की गल्ल्यावर बसून लिहायच्या आणि लिहिलेलं लपवून ठेवायच्या. हे सुमारे वीस वर्षं चाललं. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून ते लेखन क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तक झालं. एका दुकानात लपवलेल्या वह्यांचं पुस्तक दुसऱ्या दुकानाच्या दर्शनी फळीवर आलं, तेही लेखिकेच्या स्वतःच्या नावाने. हे अंतर कापायला एका दलित बाईच्या आयुष्यातली किती वर्षं गेली ते पाहा, म्हणजे पुस्तकावरच्या सहीचं मोल कळेल. भुकेचे प्रश्न असताना पुस्तकांचं काय, असं विचारणाऱ्या मैत्रिणींना आमचं पहिलं उत्तर हेच आहे. जिने भूक आणि अपमान दोन्ही भोगले, तिनेच रद्दीच्या कागदावरून वाचन शिकून घेतलं आणि लिहिलं.

दुसरं उत्तर दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर मिळतं. रात्रभर प्रवास करून, फुटपाथवर झोपून आलेल्या बायका भाकरीच्या फडक्यात बांधून आणलेल्या पैशांतून पुस्तकं विकत घेतात. गरीब बायकांना पुस्तकं नकोत, हा समज त्या स्टॉलवर एक तास उभं राहिलं तरी गळून पडतो. त्यांना नको असतो तो पुस्तकांच्या दुनियेतला परकेपणा.

खारघरहून किती लांब?

हा परकेपणा मोजायचा तर खारघरइतकं चांगलं ठिकाण नाही. सिडकोने आखलेलं हे शहर. सेक्टर आहेत, शाळा-कॉलेजं आहेत, फॅशनचं शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आहे, टाटा स्मारक केंद्राचं ॲक्ट्रेक आहे, सेंट्रल पार्क आहे, एवढंच काय, गोल्फचं मैदानसुद्धा आहे. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रोही धावते आहे. नियोजनकारांनी गोल्फ खेळणाऱ्यांचा विचार केला. संध्याकाळी चार बायकांनी एकत्र बसून काही वाचावं, ऐकावं, यासाठी जागा लागते, याचा विचार मात्र आराखड्यात कुणी केल्याचं दिसत नाही.

लेखक-वाचक भेटींची जी ठिकाणं आपण नावानिशी सांगू शकतो ती बहुतेक मुंबईत. फोर्टातलं ‘किताबखाना’ २०११ साली सुरू झालं. डिसेंबर २०२० मध्ये तिथे आग लागून मोठं नुकसान झालं, तरी मार्च २०२१ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, गुजराती पुस्तकंही तिथे मिळतात आणि वाचनाचे कार्यक्रम होतात. पार्ल्याच्या ‘मॅजेस्टिक गप्पां’नी पुस्तकाच्या दुकानदाराने लेखक आणि वाचक यांची गाठ घालून देण्याची परंपराच उभी केली. नवी मुंबईपुरतं बोलायचं तर वाशीचं साहित्य मंदिर आहे. पण ते सभागृह आहे, दुकान नव्हे.

आता खारघरच्या बाईच्या बाजूने हिशेब मांडू. कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाचा. खारघर स्टेशनवरून हार्बरने सीएसएमटीला जायला तासाहून जास्त वेळ. त्याआधी रिक्षा किंवा मेट्रो, त्यानंतर चालणं. म्हणजे साडेचारला घर सोडायचं. मुलं शाळेतून, क्लासमधून येतात ती हीच वेळ. परत येईपर्यंत रात्रीचे दहा. स्वयंपाक आधी करून ठेवायचा, सासूबाईंचं औषध सांगून जायचं, आणि “पुस्तकाच्या दुकानात गेले होते” हे कारण घरात पुरेसं वाटेल का, याची धास्ती मनात घेऊन रात्रीच्या गाडीत बसायचं. नवऱ्याला याच कार्यक्रमाला जाताना यातलं काहीही करावं लागत नाही. कार्यक्रम खुला असतो, प्रवेश विनामूल्य असतो, ‘सर्वांचे स्वागत’ असंही लिहिलेलं असतं. पण वेळ आणि अंतर मिळून बाईचा प्रवेश बंद करतात, आणि त्याची पाटी कुठेच लावलेली नसते.

हे झालं नोकरदार, मध्यमवर्गीय बाईचं. सेक्टरमधल्या इमारतींत धुणीभांडी करून संध्याकाळी उशिरा घरी पोचणाऱ्या बाईचं काय? मूळच्या गावांतल्या, ज्यांच्या शेतजमिनींवर हे शहर उभं राहिलं त्या मुर्बी, ओवे, पेठपाडा, बेलपाड्यातल्या आगरी-कोळी बायकांचं काय? ॲक्ट्रेकमध्ये आपल्या माणसावर उपचार चालू आहेत म्हणून महिनोन्महिने भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, गावापासून तुटलेल्या बायकांचं काय? त्यांच्या संध्याकाळी कुणाच्याच आराखड्यात नाहीत.

खारघरमध्ये बायकांना बोलावत नाहीत असंही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी इथे झालेल्या महाराष्ट्र भूषण सोहळ्याला लाखो लोक भर उन्हात बसले होते. उष्माघाताने चौदा जणांचे जीव गेले आणि त्यांत बायकाच अधिक होत्या. बाईला गर्दी म्हणून बोलावणं सोपं असतं. तिला श्रोता म्हणून, प्रश्न विचारणारी म्हणून खुर्ची देणं कठीण असतं. गर्दीत तिला प्रश्न विचारता येत नाही. तीस खुर्च्यांच्या खोलीत येतो. लहान जागेचं महत्त्व आम्हाला वाटतं ते एवढ्यासाठी.

स्वतंत्र दुकानच का?

कुणी म्हणेल, पुस्तक हवं तर फोनवरून मागवा, सवलतही जास्त मिळते. खरं आहे, आपण सगळ्याजणी ते करतो. पण सवलतीत काय जातं तेही पाहायला हवं. मुंबईच्या वाचकांच्या दोन-तीन पिढ्या जिथे वाढल्या ते ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ १९४८ साली टी. एन. शानभाग यांनी सुरू केलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ते बंद झालं.

अमेरिकेत मिनियापोलिसला १९७० साली काही बायकांनी एका घराच्या ओसरीवर स्त्रीवादी पुस्तकांचं दुकान थाटलं. पुराणकथेतल्या लढवय्या स्त्रियांवरून त्याचं नाव ठेवलं ‘ॲमेझॉन’. पुढे पंचवीसेक वर्षांनी याच नावाची बलाढ्य कंपनी इंटरनेटवर पुस्तकं विकू लागली. लोक दोन्हींत गल्लत करू लागले, तेव्हा या बायकांनी १९९९ मध्ये त्या कंपनीवर खटला भरला. तो तडजोडीत मिटला. २०१२ मध्ये दुकान बंद झालं. आज ते नाव उच्चारलं की ओसरीवरच्या बायका कुणाला आठवत नाहीत. स्वतःच्या नावाची लढाई फक्त ताराबाईंना आणि विभावरींनाच लढावी लागली असं नाही.

आपल्याकडेही बायकांनी असे प्रयत्न केले. बंगलोरला ‘विमोचना’ने १९८० च्या दशकात ‘स्त्रीलेखा’ हे दुकान चालवलं. मुंबईत १९८७ मध्ये सोनल शुक्ल आणि मैत्रिणींनी ‘वाचा’ हे स्त्रियांचं ग्रंथालय सुरू केलं. यामागची जाणीव एकच होती : कोणतं पुस्तक दर्शनी भागात लावायचं, कुणाला बोलायला बोलवायचं, हे जो ठरवतो तो समाजाने काय ऐकायचं हेही ठरवतो.

याचा दाखला जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनात मिळाला. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण आयत्या वेळी मागे घेतलं गेलं. मंडप मोठा होता, पण एका नव्वदी ओलांडलेल्या लेखिकेचं भाषण त्यात मावलं नाही. ते भाषण वर्तमानपत्रांनी छापलं आणि लोकांनी वाचलं. त्याच संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीने केलं, आणि अध्यक्षपदी अरुणा ढेरे होत्या. संमेलनाच्या एवढ्या दीर्घ परंपरेत हे पद मिळालेल्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या : कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ मध्ये दिल्लीच्या ९८व्या संमेलनात तारा भवाळकर. मोठ्या मंडपांत आपली वेळ कधी येईल याची वाट पाहत बसण्यापेक्षा लहान जागा जपणं आपल्या हातात आहे. दुकानदार स्वतः मालक असेल, तर न रुचणाऱ्या लेखिकेलाही तो बोलावू शकतो. त्याला वरून कुणाची परवानगी लागत नाही. लागतं ते एवढंच, की महिनाअखेर गल्ल्यात भाड्यापुरते पैसे जमावेत.

टीकाही करायला हवी

या कार्यक्रमांत सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. व्यासपीठावर तीन पुरुष आणि पुष्पगुच्छ द्यायला एक बाई, हे चित्र अजून दिसतं. लेखिकेला हमखास विचारलं जातं, “घर सांभाळून कसं लिहिता?” लेखकाला हे कुणी विचारत नाही. तिने कथा लिहिली तर “हे तुमच्याच आयुष्यातलं का?” अशी चौकशी होते. दलित लेखिकेला फक्त दुःखाबद्दल विचारतात, तिच्या भाषेबद्दल, रचनेबद्दल विचारत नाहीत. उर्मिला पवारांनी आईच्या हातातल्या बांबूच्या विणकामावरून आत्मकथनाला ‘आयदान’ नाव दिलं. विणणं आणि लिहिणं यांचं नातं हा वाङ्मयाचा प्रश्न आहे, फक्त सहानुभूतीचा नव्हे.

पैशांबद्दलही बोलायला हवं. तीनशे रुपयांच्या पुस्तकावर दहा टक्के मानधन धरलं तर लेखिकेच्या हाती तीस रुपये पडतात. हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली तर तीस हजार, आणि ती खपायला कित्येकदा वर्षं लागतात. अशा लेखिकेला आपण कार्यक्रमाला बोलावतो, शाल आणि नारळ देतो, आणि प्रवासखर्च विचारायचा राहून जातो. घरकामाचं मोल मागणाऱ्या चळवळीने लेखनकामाचं मोल विसरू नये.

आणि एक बारीकशी गोष्ट, जी आपल्यापैकी अनेकींनी पाहिली असेल. सही करताना लेखिका विचारते, “कुणाच्या नावाने लिहू?” बाई चटकन सांगते, “मुलीच्या नावाने लिहा,” किंवा “यांच्या नावाने लिहा.” स्वतःच्या पैशाने घेतलेल्या पुस्तकावरही तिला आपलं नाव सुचत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव लिहिणं महाराष्ट्रात बंधनकारक झालं. कागदावर आई आली. पुस्तकाच्या पहिल्या पानावर बाई स्वतः यायची आहे.

मग काय करायचं?

तक्रारीवर संपादकीय संपवणं आम्हाला मान्य नाही. खारघर आणि परिसरातल्या गटांपुढे, आणि अर्थात इतर गावांतल्या मैत्रिणींपुढेही, काही सूचना ठेवतो.

१. वेळ आपण ठरवू. घरकामगार बायकांना दुपारी दोन ते चार थोडी उसंत असते, नोकरदार बायकांना रविवारी. दुकानदाराशी आणि लेखिकेशी बोलून कार्यक्रम त्या वेळेत घ्यावा. मुलांसाठी शेजारच्या खोलीत चित्रांचे कागद आणि एखादी कार्यकर्ती असली की निम्मा प्रश्न सुटतो.

२. बाई दुकानापर्यंत येऊ शकत नसेल तर दुकानाने तिच्यापर्यंत यावं. नवी मुंबई-पनवेल भागातल्या पुस्तकविक्रेत्यांना गावातल्या समाजमंदिरात, सोसायटीच्या हॉलमध्ये, रुग्णांच्या नातेवाइकांच्या निवासात पुस्तकांची पेटी घेऊन बोलवा. विक्री त्यांची, श्रोते आपले.

३. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आवर्जून बोलवा. अभिवाचनासाठी अक्षरओळख लागत नाही, कान लागतात. बहिणाबाईंच्या परंपरेतल्या बायकांना पुस्तकाच्या कार्यक्रमाबाहेर ठेवणं हा मोठाच विनोद ठरेल. एखादीला आपली ओवी, आपलं आगरी गाणं ऐकवावंसं वाटलं, तर लेखिकेने खुर्ची फिरवून ऐकावं.

४. पुस्तक भिशी सुरू करा. बचतगटातल्या दहाजणींनी महिन्याला तीस-तीस रुपये काढले तर दर महिन्याला एकीच्या घरी तीनशेचं एक पुस्तक येतं आणि दहा घरांत फिरतं. ते पुस्तक शक्यतो जवळच्या दुकानातूनच घ्या. दुकानदाराला दरमहा नक्की गिऱ्हाईक आहे हे कळलं, की तोही खुर्च्या मांडायला तयार होतो.

५. लेखिकेला प्रवासखर्च आणि जमेल तेवढं मानधन द्या, आणि प्रश्न आधी तयार करा. घर कसं सांभाळता, हा प्रश्न त्या यादीत नसेल याची काळजी घ्या. किंवा तो एखाद्या लेखकाला विचारा.

६. सही घेताना स्वतःचं नाव सांगा. सासरचं, माहेरचं, आडनावासकट किंवा आडनावाशिवाय, जे तुम्हाला आपलं वाटतं ते.

काली फॉर विमेनने १९८० च्या दशकाअखेर ‘शरीर की जानकारी’ हे पुस्तक काढलं. राजस्थानातल्या खेड्यांतल्या पंचाहत्तर बायकांनी आपल्या शरीराबद्दल जे शिकलं, तपासलं, चित्रांतून मांडलं, त्यातून ते घडलं. लेखिका म्हणून त्या पंचाहत्तरजणींची नावं पुस्तकावर छापली गेली. त्यांतल्या किती जणींना लिहिता येत होतं हा प्रश्न तेव्हा महत्त्वाचा ठरला नाही, आजही ठरू नये. पुस्तकावर नाव असणं म्हणजे “हे मी म्हणते आहे, आणि त्याची जबाबदारी माझी” असं जाहीर करणं. हिंसाचाराची तक्रार लिहून देताना, साताबाऱ्यावर नाव लावून घेताना, ग्रामसभेत हात वर करताना आपण बायकांना दुसरं काय शिकवत असतो?

म्हणून पुस्तकाच्या दुकानातली ती तीस-चाळीस खुर्च्यांची खोली आम्हाला चैनीची वाटत नाही. बायका तिथे एकमेकींचं म्हणणं ऐकायला शिकतात आणि आपलं म्हणणं नावानिशी मांडायला शिकतात. शिबिरातही आपण तेच करतो.

तुमच्या गावात, वस्तीत असा कार्यक्रम कधी झाला असेल तर कळवा. किती बायका आल्या, किती येऊ शकल्या नाहीत, का येऊ शकल्या नाहीत, कोणतं पुस्तक वाचलं गेलं, कुणी काय विचारलं, ते लिहून पाठवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीला सांगून लिहवून घ्या, पण पत्राखाली नाव स्वतःचं घाला. पुढच्या अंकात ही पत्रं त्याच नावांनी छापू.

— संपादक मंडळाच्या वतीने